सात घरांची मांजरे

मांजरी आपली पिले सात घरे फिरवते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. सात घरे पाहिल्यावाचून पिलांचे डोळे उघडत नाहीत, असे कोणी सांगतात. बोक्याच्या भीतीने ती त्यांना हलवते, असे दुसरे म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दुसरे कारण सत्याच्या अधिक जवळचे आहे. बाळंतपणाच्या जागेला वास येऊ लागतो, त्या वासाच्या मागावर बोका किंवा कुत्रा येतो, म्हणून मांजरी पिलाची मानगूट अलगद तोंडात धरते आणि जागा बदलते. सातचा आकडा मात्र आपल्या लोकांनी पदरचा घातला. सप्तपदीपासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत आपले सातावाचून चालत नाही, तेथे बिचाऱ्या मांजरीची काय कथा!

मुंबईच्या नायगावात, जेथे माझे बिऱ्हाड आहे, ही सात घरे आता माणसांनी चालवावयास घेतली आहेत. आई मेलेली, गटाराच्या कडेला सापडलेली किंवा कोणी पिशवीत घालून बाजारात आणून सोडलेली पिले काही मंडळी उचलतात आणि आपापल्या घरी वाढवतात. एकाच्या घरी बाटलीचे दूध, दुसऱ्याच्या घरी आजारपण, तिसऱ्याच्या घरी माणसाळणे, असे करीत करीत पिलू कायमच्या घरी पोचते. या कामाला इमारत नाही, पाटी नाही, शिपाई नाही, पगार तर कोणालाच नाही. एक टेलिफोन, एक वही आणि डझन-दीड डझन घरे, एवढाच संसार. तात्पुरते घर देणाऱ्यास इंग्रजी शब्दाने ‘फोस्टर’ म्हणतात, आणि हा शब्द चाळीत इतका रुळला आहे की आजीबाईसुद्धा “आमच्याकडे दोन फोष्टरची आहेत” असे सहज सांगून जातात.

आता कोणाही विचारी वाचकाच्या मनात प्रश्न येईल, की ज्या शहरात पावणेदोनशे वर्षांहून जुना पांजरपोळ आहे, आणि ज्या नायगावापासून परळचे प्रसिद्ध जनावरांचे इस्पितळ हाकेच्या अंतरावर आहे, तेथे हा घरगुती खटाटोप हवाच कशाला? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यातले बरेचसे धागे आमच्या परळ-नायगावाच्या मातीतूनच गेलेले आहेत.

मांजराचा आणि माणसाचा संबंध मुळात धान्यामुळे जुळला. माणूस शेती करू लागला, कणगी भरू लागला; कणगीपाशी उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. कुत्र्याला माणसाने माणसाळवले. मांजर बहुधा आपण होऊनच आले आणि आपल्या अटींवर राहिले. सिंधमधील चान्हूदडो येथील उत्खननात एक वीट सापडली आहे. ओल्या विटेवरून मांजर धावले आणि त्यामागे कुत्रा धावला, त्या दोघांच्या पावलांचे ठसे चार हजार वर्षे तसेच राहिले. सिंधू संस्कृतीच्या लिपीचे कोडे अद्याप सुटलेले नाही, परंतु ही एक ओळ कोणासही वाचता येते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राष्ट्रावर येणाऱ्या आपत्तींचा विचार आहे. अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्या पंगतीत उंदीरही बसलेले आहेत. उंदरांचे भय उत्पन्न झाले तर मांजरे व मुंगसे सोडावीत, आणि त्यांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास बारा पणांचा दंड करावा, असे तो सांगतो. भूतदयेचा उपदेश करावयाचा कौटिल्याचा पिंड नव्हे. तो हिशेबी मनुष्य होता, आणि मांजर हे राज्याच्या उपयोगाचे नोकर आहे एवढेच त्याने पाहिले. लोकांनी मात्र त्याच गोष्टीला पापपुण्याची जोड दिली. हातून मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही धमकी माझ्या पिढीने लहानपणी ऐकलेली आहे. सोन्याचा भाव पाहता तिचा धाक हल्ली अधिकच वाटावयास हवा! आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नवजात अर्भकांचे रक्षण करणारी जी षष्ठीदेवी, आपल्याकडे जिला सटवाईच्या रूपाने पुजतात, तिचे वाहन मांजर मानले गेले आहे. पिलांसाठी घरोघर फिरणाऱ्या प्राण्याला लेकुरवाळ्या देवीने वाहन म्हणून निवडावे यात एक प्रकारचे औचित्य आहे.

थोडक्यात, आपल्या समाजात मांजराला स्थान होते. परंतु ते घरात होते, संस्थेत नव्हते. संस्था निघाल्या त्या इतर प्राण्यांसाठी.

मुंबईतील अशा संस्थांचा इतिहास एका दंगलीपासून सुरू होतो. १८३२ सालच्या जून महिन्यात इंग्रज सरकारच्या हुकुमावरून शिपाई कोटाच्या भागातील मोकाट कुत्री मारीत सुटले. पारशी धर्मात कुत्र्याला फार पवित्र स्थान आहे; मृताच्या अंत्यविधीतही त्याची आवश्यकता असते. पारशी मंडळींनी शिपायांना अडवले, मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि त्या बंदमध्ये हिंदू व जैन व्यापारीही सामील झाले. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदला गेला आहे. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभा राहिला. भटक्या जनावरांना मारण्याऐवजी ठेवावयास जागा हवी, हा विचार त्यामागे होता. तो पांजरपोळ आजही तेथेच आहे. परंतु पांजरपोळाचा सारा थाट मुख्यतः गुरांच्या मानाने असतो. गाईला गोठा, दावण, वैरण आणि पाणी मिळाले की तिचे भागते. मांजराला दावण चालत नाही, आणि शंभर मांजरे एका छपराखाली ठेवली तर काय होते, ते पुढे पाहूच.

दुसरा टप्पा आमच्या परळचा. १८७४ साली मुंबईत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी सोसायटी स्थापन झाली. लंडनमध्ये अशी संस्था १८२४ सालीच निघाली होती, आणि कलकत्त्यात १८६१ साली. त्या काळच्या मुंबईत ट्रामदेखील घोडेच ओढीत, माल बैल ओढीत, आणि दोघांच्याही पाठीवरचे व्रण रस्त्यात उघड्यावर दिसत. साहजिकच सोसायटीचे लक्ष प्रथम त्यांच्याकडे गेले. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८८६ साली त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ या नावानेच जुने गिरणगाव त्याला ओळखते, आणि त्या नावातच त्याचा मूळ हेतू आला. पुढे तेथे कुत्री-मांजरे येऊ लागली व आजही येतात. मात्र इस्पितळाचे काम आजार बरा करण्याचे. बरे झालेल्या, आई नसलेल्या तीन आठवड्यांच्या पिलाने संध्याकाळी जावे कोठे, हा प्रश्न कोणत्याच इस्पितळाला सोडवता येत नाही.

विलायतेतही मांजराचा नंबर उशिराच लागला. मेरी टील्बी नावाच्या बाईने १८६० साली लंडनमध्ये हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयस्थान काढले, तेव्हा लोकांनी तिची पुष्कळ टवाळी केली. पुढे बॅटर्सी येथे हललेल्या या संस्थेने मांजरे घेण्यास सुरुवात केली ती १८८३ मध्ये. केवळ मांजरांसाठी अशी ‘कॅट्स प्रोटेक्शन लीग’ निघावयास १९२७ साल उजाडले.

इकडे मुंबईत मांजराला एकाएकी महत्त्व आले ते प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा पहिला रोगी ओळखला, आणि पुढची काही वर्षे या शहराने जे भोगले ते आपण वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. डॉ. हाफकिन यांची लस तयार करणारी प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले होते. परंतु शास्त्रज्ञांची खात्री पटली ती १९०५ नंतर, परळच्या याच प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने केलेल्या प्रयोगांनी.

उंदीर हा शत्रू ठरताच मांजराची आठवण झाली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी वऱ्हाडातील खेड्यांत जाऊन मांजरांची खानेसुमारी केली! ज्या गावात निम्म्याहून अधिक घरांत मांजर आहे तेथे प्लेग फिरकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९०८ साली तो विलायतेच्या वैद्यक मासिकात प्रसिद्ध केला. घरोघर मांजर पाळा, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या ज्ञानाने पाहता त्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि क्वचित त्याच्याकडून माणसालाही लागतो. तथापि त्यांच्या खानेसुमारीतून एक गोष्ट सहज सिद्ध होते. वऱ्हाडच्या गरीब खेड्यांतही घरटी मांजर बाळगण्याची चाल होती, आणि त्यासाठी कोणाला वर्गणी काढावी लागत नव्हती.

प्लेगनेच नायगावचा नकाशाही बदलला. दाटीवाटीची वस्ती रोगाचे मूळ आहे असे ठरून १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि शहर उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या दिशेने सरकू लागले. पहिल्या महायुद्धानंतर गिरणी कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न बिकट झाला. तेव्हा गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड मिळून २०७ चाळी त्याने बांधल्या; त्यांपैकी ४२ आमच्या नायगावात. तीन मजले आणि तळमजला, एका चाळीत ८० खोल्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. मधोमध लांबच लांब व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे.

ही रचना माणसांना गैरसोयीची असेल. मांजरांना मात्र ती स्वर्गासारखी होती. दिवसा दारे सताड उघडी. एका घरी बोंबील, दुसऱ्या घरी दुधाची साय, तिसऱ्या घरी नुसतीच ऊब. जिन्याखाली अडगळ, अडगळीत बाळंतपण. चाळीतले मांजर कोणा एकाचे नसे. ते मजल्याचे असे. एका खोलीत त्याचे नाव मनी, पलीकडच्या खोलीत चंपी, आणि दोन्ही नावांना ते सारख्याच तुच्छतेने प्रतिसाद देई. बायका सुट्टीला कोकणात गेल्या तर शेजारीण त्याला दूध घाली. पुष्कळ घरांनी मिळून एक मांजर पोसण्याची ही पद्धत कोणी ठरवली नव्हती, पण ती साठ-सत्तर वर्षे चालली. आज जे संघटितपणे चालले आहे ते तिचेच नीट आखलेले रूप आहे, असे माझे मत आहे.

आखण्याची गरज पडली, कारण दिवस बदलले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे जुने जीवन पुन्हा पूर्वपदावर आले नाही. दारे बंद राहू लागली, मोटारी वाढल्या, जिन्याखालची अडगळ गेली. मांजरे तेवढीच राहिली, किंबहुना वाढली; त्यांना सांभाळणारा मजला मात्र विरळ झाला.

मग मोठे आश्रयस्थान का काढू नये? येथे मांजराची प्रकृती आडवी येते. पिलांना होणारा एक जबर सांसर्गिक रोग आहे. डॉक्टर त्याला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात. उलट्या आणि जुलाब सुरू होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, आणि लस न टोचलेली पिले दोन-तीन दिवसांत दगावतात. त्याचे विषाणू फरशीच्या फटीत, टोपलीत, कपड्यांत वर्षभरही जिवंत राहू शकतात. चाळीस पिले एका दालनात ठेवली आणि एकेचाळिसावे आजारी आले, तर दालनच्या दालन रिकामे होऊ शकते. तीच चाळीस पिले पंधरा घरांत विखुरलेली असली तर नुकसान एका घरापुरते राहते. दुसरी अडचण अशी, की लहान पिलाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध लागते. संस्थेतील पगारी नोकर किती पिलांसाठी रात्रभर जागणार? तिसरी अडचण स्वभावाची. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पिलाला जो स्पर्श, जो आवाज, जी माणसे भेटतात, त्यांवर त्याचा पुढचा स्वभाव ठरतो. हा काळ पिंजऱ्यात गेला तर ते मांजर जन्मभर माणसाला बिचकते. म्हणून मांजराच्या पिलाला इमारत पुरत नाही, त्याला घर लागते.

आता ही मंडळी काम कशी करतात ते सांगतो. टेलिफोनवर बहुधा घाबरलेला आवाज असतो: “ताई, आमच्या जिन्याखाली तीन पिलं ओरडताहेत, लवकर या.” उत्तर ठरलेले असते: “काकू, आधी हात लावू नका. लांबून बघा, आई येते का.” कारण अनाथ समजून उचललेल्या पुष्कळ पिलांची आई नुसती खाणे शोधावयास गेलेली असते. काही तास वाट पाहिली आणि ती आली, तर सर्वांत चांगले फोस्टर तेच. तिला खाणे द्यावयाचे, पिलांना आडोसा करून द्यावयाचा, आणि पिले खाती झाली की सर्वांची व्यवस्था करावयाची.

आई नाहीच आली तर पिले उचलतात. वय डोळ्यांवरून आणि दातांवरून ओळखतात. जन्मतः पिलू सुमारे १०० ग्रॅमचे असते. डोळे सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दात दिसू लागतात. पहिला नियम असा, की आधी ऊब आणि मग दूध. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाही, उलट ते घात करते. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून अंग ऊबदार झाल्यावरच बाटली तोंडाला लावतात. दुसरा नियम, गाईचे दूध नाही. ‘मांजराला दूध’ हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के आहे, की हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. परंतु गाईच्या दुधातील साखर पिलांना सोसत नाही आणि हगवण लागते. त्यांच्यासाठी निराळी भुकटी मिळते. पाजतानाही तान्ह्या मुलासारखे उताणे धरावयाचे नाही; पालथे ठेवून पाजावयाचे, नाही तर दूध फुप्फुसात जाते. पाजून झाले की ओल्या कापसाने पुसून शू-शी करवावी लागते, कारण पहिले तीन आठवडे पिलाला तेही आपण होऊन येत नाही. आई ते काम जिभेने करीत असते.

दररोज वजन घेतात, तेही स्वयंपाकघरातल्या काट्यावर. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ झाली तर ठीक. काटा थांबला तर डॉक्टर. मी त्यांची ती वही चाळली आहे. प्रत्येक पिलाला एक ओळ: कोठे सापडले, वजन, जंताचे औषध, लस, कोणाच्या घरी. दुकानदाराच्या खतावणीइतकी ती कोरडी आहे. काही ओळी मध्येच थांबतात आणि पुढे फक्त तारीख असते. बाटलीची सगळीच पिले जगत नाहीत, आणि या कामात नव्याने आलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

कामाची वाटणी चाळीतल्या गणेशोत्सवासारखी असते. एकीकडे टेलिफोन, एकाकडे स्कूटर आणि टोपली, एकाकडे पैशांचा हिशेब, एकाकडे औषधे. नवे पिलू आले की दोन आठवडे वेगळे, मग इतरांत. सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस. पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणखी. तीन महिन्यांनंतर पिसाळीवरची. बाटलीचे घर निराळे, आजाऱ्याचे निराळे. ज्या घरात मुले आहेत तेथे बुजरी पिले माणसाळण्यासाठी पाठवतात, आणि मुले हे काम मोठ्यांपेक्षा अधिक मन लावून करतात. घर देणाऱ्याला खर्च करावा लागत नाही; दूध, औषध, डॉक्टर हे सामाईक वर्गणीतून. त्याने द्यावयाचा तो कोपरा, झोप आणि सहा-आठ आठवडे.

कायमचे घर मिळवताना ही मंडळी वधूपित्याहून चिकित्सक होतात. घरात सर्वांची संमती आहे काय? भाड्याचे घर असल्यास मालकाची हरकत नाही ना? खिडकीला जाळी आहे काय? मांजर कितीही चपळ असले तरी पाखराच्या मागे झेप घेताना आठवा मजला त्याच्या लक्षात राहत नाही. पिलू मोठे झाल्यावर नसबंदी करण्याचे वचन घेतात, आणि नकोसे झाले तर रस्त्यावर न सोडता परत आणावे हेही बजावतात. १९६० च्या कायद्याने, ज्याची पहिली मागणी राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी केली होती, पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु कायद्यापेक्षा वचनाचा उपयोग अधिक होतो, असा अनुभव आहे.

या साऱ्यात कठीण काय, असे मी एकदा विचारले होते. जागरणे असतील, घाण उपसणे असेल, अशी माझी कल्पना. उत्तर आले, दोन गोष्टी: देऊन टाकणे आणि नाही म्हणणे. दोन महिने अंगाखांद्यावर खेळवलेले पिलू टोपलीत घालून परक्याच्या हाती द्यावयाचे. यशोदेने कृष्णाला वाढवले आणि मथुरेला पाठवले. तिला ते एकदाच करावे लागले, येथे वर्षातून चार-पाच वेळा. परंतु पिलू ठेवून घेतले तर ते घर भरते, आणि पुढच्या पिलाला जागा राहत नाही. ‘नाही’ म्हणणे याहून अवघड. भरलेल्या घरांत आणखी पिले कोंबली की रोग शिरतो, घरचे वैतागतात, आणि तीन महिन्यांत ते घर कायमचे बंद होते. दयाळूपणाने बुडालेली घरे या मंडळींनी पाहिली आहेत. एखाद्या खोलीत मांजरांची संख्या वाढतच जाते, शेवटी ना माणूस सुखी, ना मांजर. म्हणून वहीत जितकी घरे तितकीच पिले, हा नियम.

आणि म्हणूनच त्यांचा खरा भर पिले उचलण्यापेक्षा ती जन्मास न येण्यावर आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा हे चक्र फिरते. या गणितापुढे कितीही घरे अपुरीच. चाळीच्या आवारातली मांजरे पिंजरा लावून पकडावयाची, नसबंदी करावयाची, खूण म्हणून कानाचे टोक किंचित छाटावयाचे आणि होती तेथेच सोडावयाचे. केंद्र सरकारने २००१ साली असे नियम केले ते कुत्र्यांसाठी. येथेही मांजर मागेच राहिले. मुंबई महानगरपालिकेने मांजरांच्या नसबंदीचे काम संस्थांच्या मदतीने हाती घेतले ते २०१९ च्या सुमारास.

या कामावर टीका होते, आणि ती सगळीच अन्यायाची नाही. व्हरांड्यात घाण होते, दम्याच्या रोग्याला केस सोसत नाहीत, रात्री बोके भांडतात, कोणाच्या तरी कट्ट्यावरचा बांगडा नाहीसा होतो. “माणसांना जागा नाही आणि मांजरांचे लाड!” हे वाक्य १६० चौरस फुटांत सहा माणसांचा संसार केलेल्याच्या तोंडी आले तर त्याला हसू नये. शहाणे कार्यकर्ते त्याच्याशी वाद घालीत नाहीत. ते झाडू घेऊन व्हरांडा साफ करतात, खाणे घालण्याची जागा आणि वेळ ठरवून घेतात, आणि ज्या बोक्याची तक्रार आहे त्याची नसबंदी प्रथम करवतात. बोक्यांची भांडणे थांबली की निम्मी तक्रार थांबते.

आता नायगावच्या त्या जुन्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे स्वतंत्र घर मिळावयाचे, आणि ते न्याय्यच आहे. तीन-चार पिढ्यांनी सामाईक नळावर आणि संडासाच्या रांगेत दिवस काढले आहेत. चाळ सुंदर होती असे तीत न राहिलेल्यांनीच म्हणावे. परंतु उंच इमारतीत दारे बंद असतात, आणि मजल्याचे मांजर ही चीज तेथे राहणार नाही. चाळ रिकामी होते तेव्हा माणसे सामानासकट जातात. मांजरे मात्र पत्र्याच्या कुंपणाआड, ओळखीच्या पायरीवर बसून राहतात. मांजराला जागेची ओढ माणसाइतकीच असते. ती पायरी पाडली जाण्यापूर्वी त्यांना हलविण्याचे काम त्याच वहीवाल्यांच्या वाट्याला येते. ज्यांना नवे घर मिळाले त्यांपैकी काहींनी तरी आपल्या जुन्या मजल्यावरचे मांजर बरोबर न्यावे, खिडकीला जाळी लावून न्यावे, असे त्यांचे सांगणे असते. थोडेफार लोक नेतातही.

ही मंडळी या दिवाळीत काय मागतात, तेही येथेच सांगून टाकतो. फटाक्यांच्या दिवसांत भेदरलेली मांजरे घर सोडून पळतात आणि पावसाळी पिले तेव्हा अजून लहानच असतात. टेलिफोन सर्वांत जास्त वाजतो तो याच आठवड्यात. तेव्हा संध्याकाळी आपले मांजर आत घ्या. मोटार किंवा स्कूटर सुरू करण्यापूर्वी खाली एकदा वाकून पाहा. जिन्याखाली पिले दिसली तर आधी आईची वाट पाहा. आणि ज्यांच्या घरी एखादा कोपरा मोकळा असेल, त्यांनी सहा आठवड्यांसाठी तो देऊन पाहावा. त्या वहीत एका घराची ओळ वाढली, की एका पिलाची ओळ वाढवता येते.